यादी फोडताना नाव कुठे जाते

२०२४ मध्ये लोकसभेला आणि विधानसभेला मतदान केले, नाव यादीत होते, म्हणजे महापालिकेलाही ते आपल्याच प्रभागात असणार, असे बहुतेक पुणेकर धरून चालतात. नाव असते हे खरे. ते कुठल्या प्रभागात गेले हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मतदानाच्या दिवशी शोधायला गेले तर हाती काही उरत नाही. नोव्हेंबर-डिसेंबर २०२५ मध्ये आम्ही काही जणांनी आमच्या भागातल्या सोसायट्या, जुने वाडे आणि एक वस्ती यांच्यासाठी प्रारूप मतदार यादी तपासण्याचे, हरकती भरण्याचे आणि त्यांचा पाठपुरावा करण्याचे काम केले. त्यातले दुसऱ्यांच्या उपयोगी पडेल ते इथे लिहितो आहोत.

लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "निवडणूक आयोगाकडे आमचं नाव आहे ना, मग हे परत काय?" इथे आयोग दोन आहेत. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुका अनुच्छेद ३२४ प्रमाणे भारत निवडणूक आयोग घेतो. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, आणि त्याला हा अधिकार ७४व्या घटनादुरुस्तीने दिला. ही दुरुस्ती १ जून १९९३ रोजी लागू झाली. त्याआधी महापालिकांना राज्यघटनेत स्वतंत्र भाग नव्हता. मुदत संपल्यावर निवडणूक कधी घ्यायची हे राज्य सरकार ठरवी. दुरुस्तीने अनुच्छेद २४३-पी ते २४३-झेडजी घटनेत आले. पाच वर्षांची मुदत, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा, तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या, आणि मतदार यादीपासून मतदानापर्यंत सगळ्यावर राज्य आयोगाची देखरेख, हे सगळे त्यात आहे.

असे असले तरी महाराष्ट्रात राज्य आयोग स्वतःची यादी घरोघर फिरून करत नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम ७अ नुसार आयोग एक तारीख ठरवतो, त्या दिवशी विधानसभेची जी यादी अस्तित्वात असेल ती घेतो आणि प्रभागांप्रमाणे तिचे तुकडे पाडतो. कार्यालयात याला "यादी फोडणे" म्हणतात. या वेळी ती तारीख १ जुलै २०२५ होती. हे एवढे समजले की पुढचा निम्मा गोंधळ मिटतो. १ जुलैनंतर नोंदवलेले नाव महापालिकेच्या यादीत येणार नाही. विधानसभेच्या यादीत आडनाव चुकले असेल तर इथेही चुकलेलेच येणार. वारलेल्या माणसाचे नाव तिथून काढलेले नसेल तर इथेही दिसणार. यातले काहीही प्रभागाच्या यादीवर हरकत घेऊन दुरुस्त होत नाही. अशा तक्रारी घेऊन रांगेत उभे राहिलेले कितीतरी लोक आम्ही पाहिले आणि प्रत्येकाला समजावताना वाईट वाटले, कारण त्यांची तक्रार खरी होती, फक्त दार चुकले होते.

प्रभागाच्या प्रारूप यादीवर हरकत चालते ती तीनच कारणांसाठी. फोडताना लेखनिकाची चूक झाली असेल तर. दुसऱ्या प्रभागातला मतदार आपल्या प्रभागात किंवा आपल्यातला दुसरीकडे गेला असेल तर. आणि विधानसभेच्या यादीत नाव असून प्रभागाच्या यादीतून गळले असेल तर. आमच्या कामात जवळजवळ सगळा भार दुसऱ्या कारणावर होता.

आता ही फोड कशी होते ते पाहू, कारण चूक कुठे शिरते हे त्याशिवाय कळत नाही. प्रभाग आखले जातात २०११ च्या जनगणनेवर. जनगणनेत शहराचे छोटे छोटे प्रगणक गट केलेले असतात आणि प्रभाग आखताना प्रगणक गट शक्यतो तोडायचा नाही असा नियम आहे. सगळ्या प्रभागांची लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्के कमी-जास्त एवढ्याच फरकात ठेवायची, आखणी उत्तरेकडून सुरू करून दक्षिणेत संपवायची, आणि सीमा म्हणून नदी, नाले, मोठे रस्ते, लोहमार्ग यांसारख्या ठळक खुणा घ्यायच्या. पुण्यात मुळा-मुठा, ओढे, कालवा, रेल्वे अशा खुणा भरपूर आहेत, त्यामुळे कागदावर सीमा स्वच्छ दिसते.

मतदार यादीची रचना मात्र वेगळ्या हिशोबाची असते. विधानसभा मतदारसंघ आधी यादी भागांत विभागलेला असतो. एका भागात साधारण हजार-बाराशे मतदार, एका मतदान केंद्राला पुरतील एवढे. भागाच्या आत विभाग असतात, त्यांना सोसायटीचे, गल्लीचे किंवा वस्तीचे नाव असते. या विभागांचा आणि प्रगणक गटांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. दोन वेगवेगळ्या कामांसाठी, दोन वेगवेगळ्या यंत्रणांनी, वेगवेगळ्या वर्षी आखलेल्या या रेघा आहेत. प्रभागाची सीमा एखाद्या यादी भागाच्या मधून गेली की कर्मचाऱ्याला तो भाग हातात घेऊन ठरवावे लागते: अनुक्रमांक १ ते अमुक या प्रभागात, पुढचे त्या प्रभागात. या तक्त्याला कंट्रोल चार्ट म्हणतात. प्रत्यक्ष जागेवर जाऊन विभागाचे नाव कुठे लागते हे पाहून तो भरायचा असतो. जो तो टेबलावर बसून भरतो, त्याच्या हातून पूर्ण इमारत नदीपलीकडे जाते.

आम्हाला सापडलेल्या चुकांची कारणे मोजकीच होती आणि ती पुण्यात सगळीकडे लागू पडतील. पहिले म्हणजे नावांची पुनरावृत्ती. गणेशनगर, आनंदनगर, साईनगर ही नावे शहरात एका ठिकाणी नाहीत. विभागाच्या नावात फक्त "आनंदनगर" लिहिले असेल आणि कर्मचारी दुसऱ्या भागातला असेल तर त्याला डोळ्यापुढे वेगळेच आनंदनगर येते. दुसरे, पत्त्यातले सर्व्हे नंबर. उपनगरांत एक सर्व्हे नंबर रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेला असतो आणि रस्ता जर सीमा असेल तर पत्त्यावरून काहीच कळत नाही. तिसरे कारण पुरवणी यादीचे आहे. मूळ यादी छापल्यानंतर जी नावे वाढतात ती भागाच्या शेवटी पुरवणीत येतात, विभागाप्रमाणे लागत नाहीत. भागाचा शेवटचा पट्टा ज्या प्रभागात टाकला, त्याच्याबरोबर ही सगळी नावे जातात. त्यामुळे घरातले आई-वडील एका प्रभागात आणि नुकताच अठरा पूर्ण झालेला मुलगा किंवा लग्न होऊन आलेली सून दुसऱ्या प्रभागात, असे दृश्य दिसते. घरातली नवी नावे आधी तपासा असे आम्ही प्रत्येकाला सांगत होतो, ते याचमुळे.

चौथे कारण शहराच्या कडेला आणि मध्यावर दोन्हीकडे आहे. पुणे आणि खडकी ही दोन्ही कटक मंडळे (कॅन्टोन्मेंट) महापालिकेत येत नाहीत. ती संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत कटक कायद्याने चालतात. विधानसभेचे मतदारसंघ ही रेघ पाळत नाहीत, त्यामुळे शिवाजीनगर किंवा पुणे कॅन्टोन्मेंट मतदारसंघाच्या यादीत महापालिकेचे मतदारही असतात आणि कटक मंडळाचेही. फोडताना एक पूर्ण भाग इकडचा तिकडे झाला तर महापालिकेला कर भरणारा माणूस यादीबाहेर राहतो. समाविष्ट गावांत हेच उलट्या बाजूने घडते. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली, नंतर त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुन्हा बाहेर काढली गेली. पश्चिमेकडच्या काही समाविष्ट गावांचे मतदार भोर विधानसभेच्या यादीत आहेत. आपली यादी "पुण्याच्या" आठ मतदारसंघांत, म्हणजे क्रमांक २०८ वडगाव शेरी ते २१५ कसबा पेठ यांत, सापडली नाही म्हणून नाव गेले असे समजू नका.

प्रारूप यादी २० नोव्हेंबर २०२५ ला प्रसिद्ध झाली. हरकतींची मुदत आधी २७ नोव्हेंबरपर्यंत होती, नंतर ती ३ डिसेंबरपर्यंत वाढली. मुदतवाढ मिळाली हे आमचे नशीब, पण तिच्या भरवशावर काम आखता येत नाही. सात-आठ दिवसांत यादी मिळवणे, शोधणे, अर्ज भरून घेणे आणि जमा करणे असे चार टप्पे बसवावे लागतात, म्हणून तयारी यादी येण्याच्या आधी झालेली हवी. आमची सगळ्यात उपयोगी तयारी एका वहीत होती: प्रत्येक मतदाराचे नाव, ओळखपत्राचा दहा अक्षर-अंकी क्रमांक, विधानसभा क्रमांक, यादी भाग आणि अनुक्रमांक. ही माहिती भारत निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर ओळखपत्राचा क्रमांक टाकला की मिळते. नावाने शोधण्यापेक्षा क्रमांकाने शोधणे कितीतरी बरे. नावात कुलकर्णीचे कुळकर्णी झालेले असते, ज्ञानेश्वरचे दोन-तीन अवतार असतात, नवऱ्याचे नाव वडिलांच्या जागी गेलेले असते. क्रमांक तसा फसवत नाही. तिरक्या रेषा असलेली जुनी लांबलचक क्रमांकांची ओळखपत्रे ज्यांच्याकडे आहेत त्यांना हा शोध लागत नाही. त्यांचे नाव भागाची यादी उघडूनच शोधावे लागते. आमच्याकडे अशी माणसे बहुतेक साठीच्या पुढची होती.

यादी क्षेत्रीय कार्यालयात फलकावर आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर असते, विकतही मिळते. पूर्ण प्रभागाची यादी घेण्याचा मोह टाळा. शहराचे मतदार सुमारे ३५ लाख आणि प्रभाग ४१, म्हणजे एका प्रभागात सरासरी ८५ हजार नावे. पानाला ३० नावे धरली तरी अडीच हजारांहून जास्त पाने होतात. शिवाय फाइल चित्ररूपात असली तर संगणकावर शब्द टाकून काही सापडत नाही. प्रभागाच्या यादीत प्रत्येक नावापाशी मूळ विधानसभा क्रमांक, भाग आणि अनुक्रमांक छापलेला असतो, तो धागा धरायचा. आपल्या वहीतला यादी भाग घ्या, तो आपल्या प्रभागाच्या यादीत कुठून कुठपर्यंत आला आहे ते पाहा, आणि जिथे तो तुटला आहे तिथला पहिला व शेवटचा अनुक्रमांक लिहून ठेवा. तुटल्याची जागा सापडली की पुढे-मागे वीस-पंचवीस नावे पाहिली तरी चूक एकट्याची आहे की पूर्ण इमारतीची, हे लगेच कळते. समजा, सोसायटीत २६० मतदार आहेत आणि आपल्या प्रभागात २१४ निघाले. उरलेले ४६ शोधताना शेजारचा प्रभाग आधी उघडा. सीमेपलीकडे जो प्रभाग लागतो, त्यातच ती बहुधा असतात. आम्ही सुरुवातीला दूरचे प्रभाग चाळण्यात पूर्ण दीड दिवस घालवला, तो घालवायला नको होता.

सीमेचे वर्णन मराठीत चार दिशांनी लिहिलेले असते: उत्तरेला अमुक रस्त्याने पूर्वेकडे, तिथून अमुक नाल्याने दक्षिणेकडे, असे. हे वाचताना नकाशा शेजारी हवा. रस्ता सीमा असेल तर रस्त्याची कोणती बाजू आपली, हे वर्णनातून एकट्याने काढू नका, नकाशावर बोट ठेवून दोघांनी पाहा. आमच्यातले दोघे एकाच वाक्याचा वेगवेगळा अर्थ लावून बसले होते. नाला सीमा असेल तर आणखी जपा. पुण्यात कितीतरी नाले आता स्लॅबखाली आहेत, वर पार्किंग झाले आहे, आणि तिथे राहणाऱ्यालाही नाला कुठून वाहतो ते माहीत नसते.

अर्ज प्रत्येक मतदाराचा स्वतंत्र असावा. सोसायटीच्या लेटरहेडवर ४६ नावांचे एक पत्र लिहिणे सोपे वाटते आणि ते जोडावेही, पण एका पत्रातले एक नाव जुळले नाही म्हणून सगळे पत्र बाजूला राहण्याचा धोका असतो. अर्जात चार गोष्टी नेमक्या हव्यात: सध्या ज्या प्रभागात नाव आले आहे त्याचा क्रमांक आणि तिथला अनुक्रमांक, मूळ विधानसभा क्रमांक, भाग, अनुक्रमांक, ज्या प्रभागात नाव हवे त्याचा क्रमांक, आणि राहत्या जागेचा पत्ता, जवळची ठळक खूण घालून. सोबत ओळखपत्राची प्रत आणि पत्त्याचा पुरावा, म्हणजे आधार, वीजबिल किंवा मिळकतकराची पावती. भाड्याने राहणाऱ्यांकडे करपावती नसते, त्यांच्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार घ्या. आम्ही प्रत्येक गठ्ठ्याला एक पान नकाशा जोडला, त्यावर इमारत लाल शाईने आणि सीमा निळ्या शाईने दाखवली. जागेवर येणाऱ्या कर्मचाऱ्याला या एका पानाचा जितका उपयोग झाला तितका बाकी कशाचा झाला नाही.

पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, तिन्ही हवे. एका ठिकाणी आम्हाला "साहेब बाहेर गेलेत, ठेवून जा" असे सांगितले गेले आणि ते गठ्ठे दोन दिवस टेबलावर तसेच राहिले. आवक क्रमांक नव्हता, त्यामुळे पाठपुरावा करायला धरण्यासारखे काही नव्हते. तिसऱ्या दिवशी सगळे पुन्हा छापून नव्याने दिले. अर्ज गेल्यावर पाहणीला माणूस येतो, त्याआधी सुरक्षारक्षकाला सांगून ठेवा. दुपारी बाराला कर्मचारी गेटवर येतो, रक्षक "परवानगी नाही" म्हणतो आणि शेऱ्यात "जागा आढळली नाही" असे लिहिले जाते. यात कुणाचा दोष काढण्यापेक्षा रखवालदाराच्या वहीत आधीच एक ओळ लिहून ठेवणे सोपे आहे.

दुबार नावांचा विषय वेगळा आहे आणि त्यावरून उगाच घबराट झाली. एकाच माणसाचे नाव दोनदा दिसत असेल तर यादीत त्या नावापुढे दोन तारे छापले होते. तारे म्हणजे नाव रद्द नव्हे. अशा मतदाराने कोणत्या ठिकाणी मतदान करणार हे लिहून द्यायचे असते. उत्तर दिले नाही तर मतदान केंद्रावर, दुसरीकडे मतदान केले नाही असे हमीपत्र घेऊन मतदान करू दिले जाते. नाव आणि वडिलांचे नाव सारखे असलेल्या दोन वेगळ्या माणसांनाही तारे लागू शकतात. त्यांनी छायाचित्र असलेले ओळखपत्र घेऊन आधीच खुलासा केलेला बरा.

इतकी धावपळ एका प्रभाग क्रमांकासाठी कशाला, असे आम्हाला पुष्कळांनी विचारले. याचेही उत्तर घटनेतच आहे. अनुच्छेद २४३-झेडजी म्हणतो की प्रभाग आखणीच्या कायद्याची वैधता न्यायालयात आव्हानता येणार नाही आणि निवडणुकीला आव्हान द्यायचे तर ते फक्त निवडणूक याचिकेने. ती याचिका निकालानंतर दहा दिवसांत करावी लागते, आणि तिथे निकालावर परिणाम झाला हे दाखवावे लागते. सामान्य माणसाच्या हातात असलेला खरा उपाय हरकतीच्या त्या आठ-दहा दिवसांतच आहे. नाव दुसऱ्या प्रभागात राहिले तरी मतदान करता येते, पण ज्यांच्याकडे तुम्ही पाण्याची, ड्रेनेजची, दिव्याची तक्रार घेऊन जाणार ते चार नगरसेवक तुमच्या मताने निवडलेले नसतात. उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून सही केलीत आणि नाव पलीकडच्या प्रभागात निघाले तर छाननीत तो अर्जच अडचणीत येतो.

आणि या शहराने नगरसेवक नसणे म्हणजे काय ते पाहिले आहे. २०१७ मध्ये निवडलेल्या महापालिकेची मुदत १४ मार्च २०२२ ला संपली. अनुच्छेद २४३-यू म्हणतो की मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. प्रत्यक्षात पुढचे मतदान १५ जानेवारी २०२६ ला झाले, म्हणजे तीन वर्षे दहा महिने शहर प्रशासकाच्या हाती होते. कारण एकच नव्हते. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांतल्या ओबीसी आरक्षणासाठी तीन अटी पूर्ण करायला सांगितल्या: स्वतंत्र आयोग, त्याने गोळा केलेली माहिती, आणि एकूण राखीव जागा पन्नास टक्क्यांच्या आत. त्यासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने मान्य केला. मग प्रभागांची संख्या आणि रचना यांवर वाद झाला, ऑगस्ट २०२२ मध्ये "जैसे थे"चा आदेश आला, आणि ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला तेव्हा चाक हलले. मधल्या काळात सर्वसाधारण सभा, स्थायी समिती आणि प्रभाग समित्या यांचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे होते. अंदाजपत्रक मांडणारे आणि मंजूर करणारे तेच. नागरिकाला प्रश्न विचारायचा तर अर्ज लिहायचा, सभागृहात आपल्या वतीने उभे राहणारे कुणी नव्हते.

रचना बदलत राहण्याची किंमतही मतदार मोजतो. २००७ मध्ये एका वॉर्डाला एक नगरसेवक होता, एकूण १४४. २०१२ मध्ये दोघांचे ७६ प्रभाग, १५२ नगरसेवक. २०१७ मध्ये ४१ प्रभाग, १६२. २०२२ साठी ५८ प्रभाग आखले, एक सोडून सगळे तिघांचे, यादीही त्याप्रमाणे फोडली, आणि ती निवडणूक झालीच नाही. आता पुन्हा ४१ प्रभाग, १६५ नगरसेवक, त्यातला बालाजीनगर-आंबेगाव-कात्रज हा एकटा प्रभाग पाच जणांचा. प्रत्येक बदलाला यादी नव्याने फुटते आणि वर सांगितलेल्या सगळ्या चुका नव्याने होतात. आमच्या मते प्रभागाची सदस्यसंख्या दर निवडणुकीला बदलता येऊ नये. २०२२ ची यादी फोनमध्ये जपून ठेवलेले लोक आम्हाला तीच दाखवत होते, "आमचं नाव बरोबर आहे" म्हणून.

मतदानाच्या दिवसाबद्दल थोडक्यात. चार सदस्यांच्या प्रभागात जागा अ, ब, क, ड अशा असतात आणि मतपत्रिकांचे रंग अनुक्रमे पांढरा, फिकट गुलाबी, फिकट पिवळा, फिकट निळा. प्रत्येक जागेला एक असे चार वेळा बटण दाबायचे. एखाद्या जागेला कुणीच नको असेल तर त्या जागेचा "वरीलपैकी कोणीही नाही" दाबायचा. एकच बटण दाबून बाहेर येणाऱ्यांमुळे यंत्र अडते आणि मागची रांग थांबते. विधानसभेला दिसणारी कागदी चिठ्ठी इथे नसते, ती शोधत थांबू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना आदल्या दिवशी कागदावर चार रकाने काढून दाखवले तर केंद्रात गडबड होत नाही.

"एक देश, एक निवडणूक" यासाठीचे १२९वे घटनादुरुस्ती विधेयक १७ डिसेंबर २०२४ ला लोकसभेत मांडले गेले. ते लोकसभा-विधानसभेपुरते आहे. माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या समितीने मात्र स्थानिक संस्थांच्या निवडणुका त्यानंतर १०० दिवसांत घ्याव्यात आणि सगळ्या निवडणुकांना एकच मतदार यादी असावी अशी शिफारस केली आहे. एकच यादी आली की घोळ संपेल असे पुष्कळांना वाटते. यादी महाराष्ट्रात आजही मुळात एकच आहे. चूक फोडीत आहे. विधानसभेच्या यादीतल्या प्रत्येक विभागापुढे प्रभाग क्रमांकाचा रकाना कायमचा ठेवला आणि बूथ पातळीवरचा कर्मचारी दर वेळी तो जागेवर तपासत गेला, तर दर पाच वर्षांनी कंट्रोल चार्ट नव्याने बसून भरावा लागणार नाही. घटना दुरुस्त करणाऱ्यांनी "एक यादी" या दोन शब्दांबरोबर हा रकानाही लिहून ठेवावा, अशी आमची कळकळीची मागणी आहे.

आता नगरसेवक आले आहेत, तेव्हा घटनेने दिलेली दुसरी दारेही पाहून ठेवा. प्रभाग समितीत नगरसेवकांबरोबर स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी नेमण्याची तरतूद आहे. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही पद्धत आहे: पदपथ, बाक, दिवे, स्वच्छतागृह यांसारखे काम सुचवण्याचा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा आणि प्रभाग समितीच्या मंजुरीनंतर ते पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात जाते. जागा महापालिकेच्या ताब्यातली असावी लागते. सोसायटीच्या आतला रस्ता सुचवला तर अर्ज बाद होतो.

आमची वही आम्ही बंद केलेली नाही. पत्ता बदललेल्या आणि नाव चुकलेल्या मतदारांचे फॉर्म ८ आत्ताच भरून घेतो आहोत, वारलेल्यांसाठी फॉर्म ७, आणि अठरा पूर्ण होणाऱ्यांसाठी फॉर्म ६. २०२२ पासून वर्षातून चार पात्रता तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, त्यामुळे मुलांना वर्षभर थांबावे लागत नाही. फॉर्म ८ मध्ये पत्ता लिहिताना नुसता सर्व्हे नंबर लिहू नका. इमारतीचे पूर्ण नाव, गल्ली, रस्ता आणि रस्त्याची कोणती बाजू हे लिहा. पुढच्या वेळी यादी फोडायला बसणाऱ्या माणसासमोर तेवढीच ओळ असणार आहे.